हिरड्याचा अर्क : अँटिऑक्सिडंट आणि जिवाणूरोधक चाचण्या पायरीपायरीने

काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन 'हिरडा द्या' म्हटलं की दुकानदार विचारतो, 'बाळहिरडा की सुरवारी?' एम.एस्सी.च्या प्रकल्पाची खरी सुरुवात इथेच होते. दोन्ही फळं एकाच झाडाची, टर्मिनॅलिया चेब्युलाची. बाळहिरडा म्हणजे बाठा धरण्याआधीच गळालेलं, वाळून काळं पडलेलं कोवळं फळ. सुरवारी म्हणजे पूर्ण वाढलेलं, पिवळसर तपकिरी, टणक फळ. दोघांतल्या रसायनांचं प्रमाण सारखं नसतं. प्रबंधात नुसतं 'हिरडा' लिहिलं तर तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येत नाही.

या लेखासाठी हिरडाच निवडला, कारण तो आपल्याकडचा आहे आणि फसवा आहे. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकर, महाबळेश्वर या सह्याद्रीच्या पट्ट्यात तो रानात वाढतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी कुटुंबांना बाळहिरड्याच्या वेचणीतून हक्काचे चार पैसे मिळतात. फळाच्या गरात टॅनिन, म्हणजे तुरट चवीची फिनॉलयुक्त संयुगं, भरपूर. चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, कोरिलॅजिन आणि त्यांच्यासोबत गॅलिक व एलॅजिक आम्ल. कातडी कमावायला आणि कापड रंगवायला हिरडा वापरायचे तो याच टॅनिनमुळे. त्याच टॅनिनमुळे डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत आकडे झकास येतात आणि जिवाणूंच्या प्लेटवरही वाढ थांबल्याचे गोल पडतात. हिरडा कुणालाच नापास करत नाही. म्हणून आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे ठरवण्यातच सगळी मेहनत आहे.

नमुना गोळा करणं आणि ओळख पटवणं

शक्यतो झाडावरून किंवा झाडाखालून स्वतः गोळा करा. गाव, तारीख, फळाची अवस्था लिहून ठेवा. फक्त फळं आणून भागत नाही, पानं-फुलं असलेली फांदीही दाबून वाळवा, कारण ओळख त्यावरूनच पटते. हिरड्याच्या पानाच्या देठाला, पात्याजवळ, दोन बारीक ग्रंथी दिसतात. वाळलेल्या फळावर पाच ठळक उभे कंगोरे असतात. हर्बेरियम शीट घेऊन पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत जा, ओळख पटवून घ्या आणि मिळालेला क्रमांक प्रबंधात द्या. दुकानातून घेतला असेल तर तसंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

परदेशातल्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. सुट्टीत घरी येऊन पिशवीभर फळं सोबत नेऊन संशोधन करणं जैवविविधता कायद्याच्या कक्षेत येतं. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची चौकशी आधी करा.

फळं धुऊन सावलीत वाळवा. पावसाळा असेल तर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. सुरवारी हिरडा फोडून बाठा काढून टाका, फक्त गर घ्या. बाठ्यासकट दळला तर वजन वाढतं, अर्काचा उतारा मात्र घसरतो. भुकटी चाळणीतून काढा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.

अर्क काढणं

द्रावक निवडताना आपला प्रश्न काय आहे तो आठवा. 'काढ्यात गुण आहे का' हा प्रश्न असेल तर पाण्याचा अर्क घ्यावाच लागतो. प्रश्न नुसता घटकांचा असेल तर ७० टक्के इथेनॉल चांगलं, कारण टॅनिन पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात छान उतरतात. इथेनॉलच्या परवान्याची कटकट नको म्हणून बहुतेक महाविद्यालयं मेथॅनॉल वापरतात. चालतं, पण मेथॅनॉल विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय त्याला हात लावू नका आणि त्या अर्काचा माणसाने घ्यायच्या औषधाशी संबंध जोडू नका.

२० ग्रॅम भुकटी आणि २०० मिलि द्रावक झाकणबंद फ्लास्कमध्ये २४ तास शेकरवर ठेवा. आधी मलमलीतून आणि मग व्हॉटमन क्रमांक १ गाळणकागदातून गाळा. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा दोनदा ताजं द्रावक घाला आणि तिन्ही वेळची गाळलेली द्रावणं एकत्र करा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या आसपास द्रावक उडवा. मग वजन करा. २० ग्रॅम भुकटीतून ७.४ ग्रॅम अर्क आला, तर उतारा ३७ टक्के.

प्रयोगशाळेत सॉक्सलेट, म्हणजे द्रावक उकळत ठेवून अर्क काढायचं काचेचं उपकरण, दिसला की हात तिकडेच जातो. हिरड्यासाठी तो टाळावा असं माझं मत आहे. भुकटीवर पडणारं द्रावक कोमट असतं हे खरं, पण उतरलेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतो. हिरड्याचे टॅनिन जलविघटन होणाऱ्या जातीचे असल्यामुळे उष्णतेने आणि पाण्याने ते तुटतात आणि गॅलिक आम्ल सुटतं. मोजायला गेलात एक आणि मोजलंत भलतंच, असं होतं.

हा अर्क हवेतला ओलावा खेचून चिकट होतो. डेसिकेटरमध्ये वाळवा, अंबर रंगाच्या छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांना ठेवा आणि लागेल तेवढीच कुपी बाहेर काढा.

पुढे जाण्याआधी पाच मिनिटांची चाचणी करा. अर्काच्या पातळ द्रावणात ५ टक्के फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाका. निळसर काळा रंग आला तर जलविघटनशील टॅनिन आहेत. हिरव्याकडे झुकणारा रंग संघनित टॅनिनचा असतो. हिरड्याला शाईसारखा काळा रंग यायला हवा. नाही आला तर दुकानदाराने काय दिलं ते पुन्हा बघा.

एकूण फिनॉल

फॉलिन-सिओकाल्टो अभिकर्मक दहापट पातळ करून त्याचे २.५ मिलि, नमुन्याचे ०.५ मिलि आणि ७.५ टक्के सोडियम कार्बोनेटचे २ मिलि एकत्र करा. अर्ध्या तासाने ७६५ नॅनोमीटरला वाचन घ्या. गॅलिक आम्लाचा प्रमाण-आलेख काढा आणि उत्तर 'प्रतिग्रॅम अर्कात इतके मिलिग्रॅम गॅलिक आम्लतुल्य' असं द्या. हे अभिकर्मक फिनॉललाच ओळखतं असं नाही. क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही त्याला निळं करतात. म्हणून हा आकडा ढोबळ धरायचा.

डीपीपीएच चाचणी

डीपीपीएच हा स्थिर मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू. मेथॅनॉलमध्ये गडद जांभळा असतो आणि हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन मिळाला की फिकट पिवळा होतो. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी 'नेचर'मध्ये ही पद्धत मांडली. स्वस्त आणि सोपी असल्यामुळे ती आजही सगळीकडे चालते.

३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलि मेथॅनॉलमध्ये विरघळवा. हे झालं ०.१ मिलिमोलर. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. नळीत ३ मिलि हे द्रावण आणि १ मिलि अर्काचं द्रावण घाला. हलवा, अंधारात ३० मिनिटं ठेवा आणि ५१७ नॅनोमीटरला वाचा. कंट्रोल नळीत अर्काऐवजी १ मिलि मेथॅनॉल. त्या नळीचं वाचन ०.८ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर डीपीपीएच जुना आहे किंवा वजनात गफलत आहे. पुढच्या नळ्या भरण्यात अर्थ नाही.

हिरड्यासाठी नळीतली अंतिम तीव्रता मिलिलिटरला १, २.५, ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम अशी ठेवा. ४ मिलिच्या नळीत १ मिलि अर्क जातो, म्हणजे तुम्ही घालायची द्रावणं चौपट हवीत : ४, १०, २०, ४०, ८० आणि १६०. इथे फार गोंधळ होतो. कुणी घातलेल्या द्रावणाची तीव्रता लिहितं, कुणी नळीतली, आणि मग एकाच वनस्पतीचे दोन आकडे चौपट फरकाने छापून येतात. नळीतली अंतिम तीव्रता लिहा आणि तसं स्पष्ट म्हणा.

हिशोब सरळ आहे. कंट्रोलच्या वाचनातून नमुन्याचं वाचन वजा करा, कंट्रोलने भागा आणि १०० ने गुणा. कंट्रोल ०.८४ आणि नमुना ०.२१ असेल तर ७५ टक्के. सगळ्या तीव्रतांचा आलेख काढून जिथे ५० टक्के येतात ती तीव्रता म्हणजे आयसी-५०. आकडा जितका लहान, तितका अर्क जोरकस. तोंडी परीक्षेत हे उलटं सांगणारे दरवर्षी भेटतात.

अर्काला स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग असतो. जास्त तीव्रतेच्या नळ्यांसाठी ३ मिलि मेथॅनॉल आणि १ मिलि अर्क अशी वेगळी नळी करून तिचं वाचन वजा करा. पाण्याचा अर्क असेल तर नळीत पाण्याचं प्रमाण फार होऊ देऊ नका. पाणी वाढलं की डीपीपीएच बाहेर पडून द्रावण गढूळ होतं आणि यंत्र ते गढूळपण रंग म्हणून वाचतं.

आता एक पडताळा. प्रमाण म्हणून क जीवनसत्त्व बहुतेक सगळे घेतात, पण त्याचा आयसी-५० किती यायला हवा हे कुणी आधी काढून ठेवत नाही. ते कागदावर काढता येतं. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. तुमच्या नळीत डीपीपीएच ७५ मायक्रोमोलर आहे. त्याचा निम्मा, म्हणजे ३७.५ मायक्रोमोलर विझवायला क जीवनसत्त्व १८.७५ मायक्रोमोलर लागेल. रेणुभार १७६ धरला तर हे झाले मिलिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम. तुमचं उत्तर ३ ते ४ मध्ये आलं की हात, वजनकाटा आणि यंत्र तिन्ही जागेवर आहेत. २५ आलं तर अर्काचा आकडाही विसरा आणि क जीवनसत्त्वाची बाटली कधी उघडली होती ते बघा. हाच हिशोब आणखी एक गोष्ट सांगतो. डीपीपीएच किती घेतलात त्यावर आयसी-५० ठरतो, म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवताना त्याची कृती आधी वाचा.

जोडीला एबीटीएस (७३४ नॅनोमीटर) किंवा फ्रॅप (५९३ नॅनोमीटर) यांपैकी एक चाचणी करावी. तीन-चार चाचण्यांचा ढीग करून काही साधत नाही, सगळ्या जवळपास तेच सांगतात. आणि नळीतल्या आकड्यावरून शरीरातल्या परिणामाकडे उडी मारू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची मोठी ओआरएसी यादी तयार केली होती. ती २०१२ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण या आकड्यांचा शरीरातल्या परिणामांशी संबंध दिसत नव्हता आणि विक्रेते मात्र ते जाहिरातीत वापरत होते.

जिवाणू : विहिरीची पद्धत

जिवाणू ओळखीच्या संग्रहातूनच घ्या. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम आहे, चंडीगडला एमटीसीसी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ही जोडी सोयीची (एटीसीसी हा अमेरिकेतल्या जिवाणूसंग्रहाचा क्रमांक), कारण प्रतिजैविकांचे अपेक्षित झोन, म्हणजे वाढ थांबलेल्या गोलांचे व्यास, त्यांच्यासाठी ठरलेले आहेत. बी.एस्सी.च्या वर्गात स्टॅफिलोकॉकसऐवजी बॅसिलस सबटिलिस घेतलेला बरा. ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रुग्णाचा नमुना आणून काम करू नका.

म्यूलर-हिंटन अगारची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाची, जाडी ४ मिलिमीटर लागते. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलि ओतलं की ती मिळते. माध्यम वाचवायला १५ मिलि ओतलं तर झोन फुगतात. जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या प्रमाण-द्रावणाशी जुळवा. हे प्रमाण घरीच बनतं : १ टक्का सल्फ्यूरिक आम्लाच्या ९.९५ मिलिमध्ये १.१७५ टक्के बेरियम क्लोराईडचे ०.०५ मिलि. ६२५ नॅनोमीटरला ते ०.०८ ते ०.१३ वाचतं. त्यात मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटी नव्हे, १० ते २० कोटी जिवाणू असतात. शून्यं मोजताना घाई करू नका.

निर्जंतुक बोळ्याने प्लेट तीनदा सारवा, दर वेळी ६० अंश फिरवून. ६ मिलिमीटरच्या कॉर्क बोररने विहिरी पाडा आणि प्रत्येकीच्या तळाशी वितळलेल्या अगारचा थेंब सोडा, नाहीतर अर्क अगारखालून पसरतो. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. प्रत्येक विहिरीत ५० मायक्रोलिटर. एका विहिरीत नुसतं द्रावक आणि मधोमध जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती. ३५ ते ३७ अंशांना १६ ते १८ तास उबवा आणि झोन दोन दिशांनी मोजा.

आधी चकतीकडे बघा. ई. कोलाय २५९२२ वर जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिलिमीटर यायला हवा. त्याबाहेर असेल तर प्लेट बाद.

मग अर्काकडे. प्रबंधांत ठरलेलं वाक्य येतं : 'अर्काचा झोन १८ मिलिमीटर, जेंटामायसिनचा २१, म्हणजे अर्क जवळपास प्रतिजैविकाइतकाच प्रभावी.' त्या प्रबंधातल्या विहिरीत काय घातलं ते विचारा. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेचे १०० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम. चकतीत १० मायक्रोग्रॅम. हजारपट फरक! शिवाय टॅनिनचे मोठे रेणू अगारमध्ये रांगत पुढे जातात आणि जेंटामायसिनसारखा छोटा रेणू झपाट्याने पसरतो. त्यामुळे मिलिमीटरवरून दोन पदार्थांची ताकद लावता येत नाही. विहिरीची पद्धत 'काही आहे की नाही' एवढंच सांगते. ते कळलं की पुढे जायचं.

किमान रोधक तीव्रता

खरा आकडा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता, ९६ खणांच्या प्लेटमध्ये मिळतो. डीएमएसओत मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम अर्क करा, माध्यमात ५० पट पातळ करा, म्हणजे ४ मिलिग्रॅम. पहिल्या खणापासून पुढे निम्म्या-निम्म्याने पातळ करत जा, प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर राहील असं. ०.५ मॅकफारलंडचं द्रावण १०० पट पातळ करून त्याचे १०० मायक्रोलिटर प्रत्येक खणात घाला. आता पहिल्या खणात अर्क २ मिलिग्रॅम, डीएमएसओ १ टक्का आणि जिवाणू मिलिलिटरला सुमारे ५ लाख.

हिरड्याचा अर्क माध्यमातल्या प्रथिनांना धरून गढूळ होतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाढ कळत नाही. १८ ते २४ तासांनी ०.०१५ टक्के रेझाझुरिन हा निळा रंग ३० मायक्रोलिटर घाला आणि दोन तास थांबा. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ आहे. इथे पहिल्या चाचणीचं भूत मागे लागतं. अर्क जोरदार अँटिऑक्सिडंट असेल तर तो जिवाणूंशिवायही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेचा एक खण जिवाणूंविना ठेवा. तो गुलाबी झाला तर रंगावर विसंबू नका, साध्या अगारवर थेंब पसरवून वसाहती मोजा. तसंही मारक तीव्रता, म्हणजे जिवाणू नुसते न थांबता मरतात ती तीव्रता, काढायला ते करावंच लागतं.

मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वरची किमान रोधक तीव्रता फारशी बोलण्याजोगी नसते. १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर कान टवकारा. ई. कोलायवर परिणाम कमी दिसला तर घाबरू नका. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, ते बऱ्याच वनस्पतिजन्य रेणूंना आत शिरू देत नाही.

परीक्षक विचारतील असे तीन प्रश्न

पहिला, आम्लतेचा. हिरड्याचा अर्क आंबट असतो. पीएच मोजा आणि त्याच पीएचचं नुसतं आम्लाचं द्रावण दुसऱ्या विहिरीत घाला. झोन तिथेही आला तर श्रेय आम्लतेचं.

दुसरा, टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना सरसकट चिकटतात, जिवाणूच्याही आणि आपल्याही. पीव्हीपीपीची भुकटी अर्कात ढवळून, थंड ठेवून, गाळून टाका. ती टॅनिन धरून ठेवते. नंतरच्या द्रावणाने पुन्हा चाचणी करा. झोन गायब झाला तर परिणाम टॅनिनचा होता, असं बेलाशक लिहा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. पॉलिफिनॉल हवा असलेल्या माध्यमात स्वतःच ऑक्सिडाईज होतात आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होतं. म्हणजे डीपीपीएचमध्ये अँटिऑक्सिडंट ठरलेला अर्क जिवाणूंच्या खणात चक्क ऑक्सिडीकारकाचं काम करत असेल. खणांच्या एका ओळीत पेरॉक्साईड मोडणारं कॅटलेज एन्झाइम घाला. किमान रोधक तीव्रता वर सरकली तर जिवाणूंना रोखण्यात पेरॉक्साईडचा वाटा होता. पदव्युत्तर प्रकल्पात ही एक ओळ असली की परीक्षकाचा सूर बदलतो.

लिहिताना आणि आवरताना

एकाच प्लेटमधल्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या जिवाणूंनी केलेली तीन वाचनं हवीत. सरासरीसोबत प्रमाण विचलन द्या आणि मगच एनोव्हा ही सरासऱ्यांची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी लावा. निष्कर्षात 'औषध म्हणून उपयुक्त' हे शब्द नकोत. 'प्रयोगशाळेत, या जिवाणूंवर, या तीव्रतेला' एवढं पुरे.

प्लेटा, टिप्स आणि बोळे १२१ अंशांना, १५ पौंड दाबावर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा आणि मगच कचऱ्यात टाका. डीपीपीएच मिसळलेलं मेथॅनॉल सिंकमध्ये ओतू नका. त्याची वेगळी बाटली ठेवा, बाहेर चिठ्ठी लावा आणि ती ज्वलनशील पदार्थांच्या कपाटात, बर्नरपासून लांब ठेवा.